विरजण निघालं सायकलवर

ब्रेसोल गावचा जुना धोबीघाट,
गुरुवार, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं
(म्हणजे दोन वाजेपर्यंत सगळं गाव बंद)

तीर्थस्वरूप सोलांजताईस,

धाकटा भाऊ आन्सेल्म याचा दोन्ही गुडघ्यांसह नमस्कार. (गुडघ्यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण सोमवारपासून ते माझ्याशी फटकून वागताहेत.) तुझा रक्तदाब ताब्यात असेल, कंबर फार बोलत नसेल आणि भाचा भट्टीपुढे तुझ्या सूचना निमूटपणे ऐकून घेत असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघे, म्हणजे मी आणि बरणी, खुशाल आहोत. पैकी माझ्याबद्दल सविस्तर लिहितो.

नव्या वर्षाच्या कार्डावर मी तुला कळवलंच होतं की वडिलांची बेकरी विकली. घेणाऱ्या गृहस्थानं पहिल्याच दिवशी एक यंत्र आणलं आणि कारखान्यातून गोठवलेल्या पिठाच्या कांड्या मागवायला सुरुवात केली. पाव आंबवायच्या वडिलांच्या विरजणाचं काय करायचं, असं विचारलं तर म्हणाला, कसलं विरजण? तेव्हा मी ते सगळंच्या सगळं बरणीत काढून घेतलं आणि घरी आलो. मग तुला लिहिलं की ताई, हे आता तुझ्याकडे आणून देतो. तुझं उत्तर आलं: "आण. बघू." एकतीस वर्षांत तू मला 'नववर्षाच्या शुभेच्छा' सोडून लिहिलेले हे पहिले दोन शब्द. मी ते कार्ड आरशात खोचून ठेवलं आणि दाढी करताना रोज वाचलं. 'आण' मध्ये माया आहे असं मला सोमवारी वाटे आणि 'बघू' मध्ये काय आहे याची काळजी मंगळवारी.

कारण अपराध माझा आहे, ते मी कुठे नाकारतो? वडिलांना पोचवून आपण घरी आलो, तू कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिलीस आणि वाटीभर विरजण मागितलंस. आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालो की आपलं विरजण परक्या भट्टीत जाणार नाही. परकी भट्टी म्हणजे आपल्या भावोजींची. दाराशी विरजणाला आलेल्या शेजारणीला कुणी रिकामी पाठवत नाही, आणि मी सख्ख्या बहिणीला पाठवलं. (वडीलही असंच म्हणाले असते, असं मी तेव्हा मनाला समजावलं. वडील असं म्हणालेही असते. पण वडील पुष्कळ गोष्टी म्हणत आणि आई त्या करू देत नसे.) भावोजी गेले तेव्हाही मी आलो नाही, नुसती तार पाठवली. तर हे विरजण तुझ्या हातात देणं हे माझं या जन्मातलं उरलेलं काम आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

आता सायकलच का, असं तू विचारशील. गाडी चालवायला मी कधी शिकलोच नाही. वाड्यावस्त्यांवर पाव पोचवायची व्हॅन माझी बायको ल्युसेत चालवायची आणि ती गेल्यापासून व्हॅन अंगणात कोंबड्यांच्या ताब्यात आहे. आमच्या भागातली रेल्वे सरकारनं केव्हाच उचलली. राहता राहिली ती सायकल. नोएमीनं बापाला निवृत्तीची भेट म्हणून लियोंहून पाठवलेली, सत्तावीस गिअरची. मी त्यातले दोन वापरतो, एक चढाला आणि एक उताराला, आणि उरलेले पंचवीस तुझ्या लुआर नदीपर्यंत फुकट वाहून आणतो आहे. सोबत पिवळीधमक तंग चड्डी आणि तसलाच सदराही तिनं पाठवला, मोटारवाल्यांना लांबून दिसावा म्हणून. मोटार म्हणशील तर मला चार दिवसांत अकरा दिसल्या. गाईंना मात्र मी फार लांबून दिसतो. कळपच्या कळप कुंपणापाशी येऊन उभे राहतात आणि मी वळणाआड जाईपर्यंत चरणं थांबवतात.

सोमवारी निघालो तेव्हा निम्मं गाव चौकात जमलं होतं. शेजारच्या फिर्मेंनं सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागच्या पिशव्या उचलून पाहिल्या आणि विचारलं, यात काय शिसं भरलंयस का? त्यात पीठ होतं. चार किलो, आपलं नेहमीचं राय धान्याचं करडं पीठ, कारण विरजणाला सकाळ-संध्याकाळ दोन मुठी घालाव्या लागतात आणि वाटेतल्या कुणाच्या पिठावर माझा भरवसा नाही. बरणी पुढच्या टोपलीत, ल्युसेतच्या लोकरी मफलरीत गुंडाळून, झाकण सैल ठेवून. फिर्मेंनं जाहीर केलं की पहिल्या चढावरून मी परत येईन आणि त्यासाठी तो खुर्ची टाकून तिथेच बसणार आहे. बहुधा अजून बसला असेल.

पहिल्या दिवशी ऊन फार लागलं. मला लागलं त्याचं काही नाही, बरणीला लागलं. वडिलांचाच स्वभाव, उन्हात उभं केलं की फुगायचे. दुपारी तीनच्या सुमारास विरजणानं झाकण बाजूला सारलं, मफलरीतून वाट काढली आणि टोपलीच्या जाळीतून पुढच्या चाकावर उतरलं. चाकानं ते इमानदारीनं वर माझ्या तोंडावर आणून दिलं. मी उतरून पुसतोय तोवर एका शेतावरचं कुत्रं आलं आणि टायर चाटू लागलं. त्याची मालकीणही आली. मी तिला सांगितलं की बाई, हे माझे वडील आहेत. (मला म्हणायचं होतं 'वडिलांचं आहे', पण दमलेल्या माणसाची वाक्यं तोकडी होतात.) बाईनं कुत्र्याला आत घेतलं आणि दाराला कडी घातली. संध्याकाळी ओढ्यात पाय बुडवून बसलो, बरणीही गळ्यापर्यंत पाण्यात ठेवली, तेव्हा कुठे दोघांची डोकी थंड झाली.

मंगळवारबद्दल थोडक्यात लिहितो, कारण आठवलं की माझाच रक्तदाब चढतो. मी चाळीस वर्षं रात्री जागा आणि दिवसा झोपलेला माणूस. आपल्या देशात भर दुपारी काय चालतं ते मला ठाऊकच नव्हतं. काही चालत नाही. मी कुठल्याही गावात शिरावं आणि घड्याळात सव्वाबारा व्हावेत असा योग कालचा दिवस सोडला तर चुकलेला नाही. किराणा बंद, कचेरी बंद, हॉटेलात काटेचमचे वाजताहेत पण जागा नाही. मंगळवारी एका गावात बेकरीची पाटी पाहून मी आनंदानं उतरलो, तर पाटीखाली बेकरी नव्हती, कपाट होतं. लोखंडी कपाट, चर्चच्या भिंतीला टेकवलेलं. नाणं टाकलं की आत काहीतरी कण्हतं आणि खालच्या फटीतून पाव पडतो. पडतो, ताई! मी तो उचलला, कानाशी धरून तळाला टिचकी मारली. तुला माहीत आहे, चांगला भाजलेला पाव उत्तर देतो. याला विचारलेलंच कळलं नव्हतं. मग मी त्या कपाटाला चार शब्द सुनावले: कुणाच्या हातचा आहेस, केव्हा मळलास, घरी आईबाप आहेत की नाहीत. मागे दोन म्हाताऱ्या येऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली की याच्याशी बोलावं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं, म्हणूनच माझा शनिवारी अडकला. तो पाव मी खाल्ला. भुकेनं माणूस काय काय करतो.

आता बुधवार, म्हणजे काल. काल जे घडलं त्यामुळेच हे पत्र लिहायला बसलो आहे, नाहीतर माझं अक्षर तुला माहीत आहे. सायकलवाल्यांमध्ये एक व्यवहारज्ञान असतं, ते मला वाटेत भेटलेल्या एका डच जोडप्यानं दिलं: पाणी हवं असेल तर दफनभूमी गाठ. आपल्याकडे गावात दुकान असो नसो, दफनभूमी असते आणि तिथे फुलांसाठी नळ असतोच. त्याप्रमाणे मी सकाळी अकराला एका गावाबाहेर फाटकापाशी सायकल लावली, बरणी काखोटीला मारली (उन्हात सोडायची नाही, हा सोमवारचा धडा) आणि बाटली भरून बाहेर पडतो तो फाटकात अख्खं गाव. अंत्यविधी नुकताच आटोपला होता आणि घरचे लोक फाटकाजवळ रांग धरून उभे होते. मला बाहेर पडायला जागा देण्यासाठी कुणीतरी सरकलं, आणि मी पाहतो तर मी रांगेत. पुढे चाळीसएक माणसं गालाला गाल लावायला येत होती. आपल्याकडे दोनदा लावतात, या भागात चारदा. दोनानंतर मी मागे व्हायचो आणि समोरचा पुढे यायचा. पाच नाकांवर नाक आपटलं तेव्हा हिशेब जमला. पिवळ्या चड्डीकडे प्रत्येक जण बघे, मग आकाशाकडे बघे आणि मग माझा हात दाबे.

माझ्या शेजारी एक ऐंशीची म्हातारी होती, फिलोमेन नावाची, डोळ्यांनी अधू. गेलेला तिचा थोरला भाऊ. तिनं माझा हात धरला, तो सोडेचना. म्हणाली, "आलास ना? बस झालं. बोलू मग." मला वाटलं सगळ्यांनाच असं म्हणत असेल. एवढ्यात तिची सून क्लारिस पुढे झाली, तिनं कुठूनसा काळा कोट आणून माझ्या अंगावर घातला (गेलेल्या माणसाचाच होता, बाह्या बोटभर लांब) आणि कानात म्हणाली, "तेओद्युलमामा, कपडे बदलायला तरी वेळ काढायचात." तिथे मला उलगडा झाला, बाकीचं जेवताना लोकांच्या बोलण्यातून कळलं. फिलोमेनला धाकटा भाऊ होता तेओद्युल. तीस वर्षांपूर्वी थोरल्याशी भांडून घर सोडून गेलेला; भांडण कशावरून, तर भिंतीवरच्या घड्याळावरून. तो दूर ब्रेतानच्या समुद्रकाठी जाऊन काळ्या गव्हाच्या धिरड्यांचं दुकान चालवायचा. त्याला तार गेली होती आणि तो येणार की नाही यावर गावात दोन तट होते. मी तोंड उघडलं, खरं सांगायलाच उघडलं. पण म्हातारीनं माझा हात स्वतःच्या गालाला लावला होता आणि चाळीस माणसं बघत होती. ताई, मी तोंड मिटलं. तुला आयुष्यात नाही म्हणताना ज्याला लाज वाटली नाही त्याला परक्या बाईला 'मी तो नव्हे' एवढं म्हणवेना.

मग जेवण. क्लारिसनं मला आपादमस्तक पाहिलं, कारण तेओद्युल सत्तरीच्या पुढचा असायला हवा. पण बहुतेक समुद्राची हवा मानवली असं तिनं ठरवलं. दारातच तिची नजर काखेतल्या बरणीवर गेली. पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही, हे तिला शिकवलेलं, मलाही शिकवलेलं. मी बरणी तिच्या हातात दिली आणि म्हणालो की थंड जागी ठेव, जपून, फार लांबून आणलंय. यात चूक कुठे झाली ते मी काल रात्रीपासून शोधतो आहे आणि मला सापडत नाही. क्लारिसचे डोळे भरून आले. ती आत गेली. मला मोठ्या खोलीत फिलोमेनशेजारी बसवलं, हात तिच्याच हातात. डाव्या हातानं सूप पिणं ही वेगळी विद्या आहे.

लोक तेओद्युलच्या लहानपणच्या गोष्टी मला सांगत होते आणि मी कबूल करत होतो. तळ्यात बकरी ढकलली, कबूल. धर्मगुरूंची टोपी पळवली, कबूल. शेवटी क्लारिस थाळा घेऊन आली, धिरडी, गरमागरम, करडी, कडेनं जाळीदार, वर लोण्याचा गोळा. पहिला मान मला. ताई, काय सांगू तुला. किंचित आंबूस, मागाहून गोड, जिभेच्या कडेला तो जुना ओळखीचा चिमटा. मला आपली भट्टीची खोली आठवली, वडिलांचा घामेजलेला बनियन आठवला, शाळेत जाताना तू माझ्या दप्तरात टाकायचीस तो कडेचा तुकडा आठवला. मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो. लोकांना वाटलं भावासाठी, आणि तेही रडले. मी सात खाल्ली. असो.

रात्री त्यांच्याकडेच झोपलो. आज सकाळी निघताना फिलोमेन अंगणात आली. आजूबाजूला कुणी नाही हे तिनं कानांनी तपासलं आणि माझे तळवे उलटे करून बोटांनी चाचपले. भाजल्याचे डाग तुला ठाऊकच आहेत.

"माझ्या भावाचे हात लोण्यासारखे होते," म्हणाली. "फाटकातच कळलं मला."

मी विचारलं की मग बोलली का नाहीस.

"गावानं पाहिलं ना, कुणीतरी आलं. मला तेवढं पुरे." मग म्हणाली, "बहीण आहे तुला?"

आहे म्हणालो. लुआरकाठी. एकतीस वर्षं झाली.

"मग मेल्या, इथे माझी धिरडी काय खात बसलास?"

तेव्हापासून मी पायडल मारतो आहे. मध्ये एकदा पंक्चर झालं, एकदा चेन उतरली, एका बदकानं अर्धा मैल पाठलाग केला, पण ते सगळं किरकोळ. आता या धोबीघाटाच्या छपराखाली सावलीला बसून लिहितो आहे. पोस्ट दोनला उघडेल. पत्र तुला शनिवारी मिळेल आणि मी रविवारी जेवायच्या वेळेला पोचेन. भाच्याला आशीर्वाद. बरणी माझ्याजवळ आहे, सुखरूप, एक टवकाही उडालेला नाही, इतकी स्वच्छ की तिच्यातून पलीकडचं चर्च दिसतं.

तुझा धाकटा,
आन्सेल्म

ता. क. बरणीतून पलीकडचं चर्च का दिसतं, हे तुझ्यासारख्या हुशार बाईला कळलं असेलच. क्लारिसला वाटलं तेओद्युलमामानं समुद्रकाठाहून आपल्या दुकानातलं धिरड्यांचं भिजवलेलं पीठ आणलं. रंग तोच, आंबूस वास तोच. तिची चूक म्हणवत नाही. तिनं त्यात अंडी आणि दूध घातलं. मला तिसऱ्या धिरड्याला कळलं. उठून स्वयंपाकघरात गेलो तर बरणी उकळत्या पाण्यानं घासून पालथी ठेवलेली. झाकणाच्या खाचेत नखभर तरी वाळलेलं असेल म्हणून टोकरून पाहिलं. त्या घरातल्या बायका फार टापटिपीच्या आहेत. परत येऊन उरलेली चार खाल्ली, कारण दुसऱ्या कुणाच्या पोटात जाण्यापेक्षा माझ्या गेलेली बरी. वडिलांचं विरजण संपलं, ताई. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं, दोन लढायांत जगवलेलं, मी तिसऱ्या दिवशी लोणी लावून खाल्लं.

आणखी एक ता. क. म्हणजे माझ्याकडचं संपलं. आता जे लिहितो ते एकतीस वर्षं लिहिलं नाही. त्या दिवशी मी नाही म्हटल्यानंतर तू पाणी पिण्याच्या निमित्तानं भट्टीच्या खोलीत गेलीस. मी वर पिठाच्या माळ्यावर होतो. पाहुण्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून जाऊन बसलो होतो. तू पिंपाचं झाकण उचललंस, इकडेतिकडे पाहिलंस, भांडं मिळालं नाही, तेव्हा चष्मा काढलास आणि दोन चमचे विरजण चष्म्याच्या डबीत घातलंस. मग चष्मा खिशात टाकून निघालीस आणि बिनचष्म्याची असल्यामुळे पायरीवर ठेचकाळलीस. लोक म्हणाले, बिचारी दुःखानं आंधळी झाली. मी ओरडलो नाही. चोरलंस याचा राग नव्हता. डबीचं झाकण घट्ट लावलंस, ते वाटेत गुदमरेल, एवढीच धास्ती होती. गुदमरलं नाही. तुमच्याकडचा चीजवाला बार्नाबे दर महिन्याला आमच्या बाजाराला यायचा, तो तुझा पाव वर्तमानपत्रात गुंडाळून मला गुपचूप द्यायचा. बेकरीवाल्याच्या घरी दुसऱ्याचा पाव, म्हणून खिडक्या लावून घेऊन खायचो. ल्युसेतला सांगितलं होतं की औषध आहे. माझ्यापेक्षा तुझाच पाव वडिलांच्या जवळचा होता, हेही आता लिहून टाकतो.

शेवटचा ता. क. रविवारी दारात उभा राहीन, हातात रिकामी बरणी असेल. वाटीभर मागेन. तू नाही म्हण. पाहुणे असतील तर त्यांच्यासमोर म्हण, तो तुझा हक्क आहे आणि मी मान खाली घालून ऐकून घेईन. पण तू मला एकदाच विचारलं होतंस. मी दुसऱ्यांदाही विचारणार आहे.